सहा महिन्यांच्या आत

तीर्थस्वरूप आक्का यांना, दोन्ही हात जोडून आणि मान नेहमीपेक्षा जरा जास्तच खाली घालून नमस्कार.

पत्र लिहायचं कारण तुमच्याच घरात बसलेलं आहे, पण त्याच्याकडे मी सावकाश येतो. आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या वेळी विचारायचं राहून गेलं होतं. साडूभाऊंचा खोकला कमी असेल अशी आशा आहे. (त्यांना म्हणावं, उघड्या खिडकीशी बसून पेपर वाचणं आता पुरे.) कुत्र्याच्या एका केसाला तुम्हाला सात शिंका येतात हे मला लग्नापासून पाठ आहे, आणि तरीही आज नऊ दिवस आमची ढब्बी तुमच्या घरात आहे, याबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे. ढब्बीबरोबर तुमची धाकटी बहीणही नऊ दिवस तुमच्याकडे आहे, पण तिच्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्याचा अधिकार मला सध्या आहे की नाही, हे मी तपासून पाहतो आहे. बाकी इकडे मी खुशाल आहे. जेवणखाण वेळेवर होतं, झोप चांगली लागते, काळजी नसावी.

हिने तुम्हाला काय सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे. आमच्या नगरपालिकेचा नियम आहे, की कुत्रं सहा महिन्यांचं व्हायच्या आत त्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालंच पाहिजे. ढब्बी येत्या वीस तारखेला सहा महिन्यांची होते. तुमचं गाव आमच्या हद्दीबाहेर आहे. म्हणून हिने तिला बसमध्ये घातलं आणि तुमच्याकडे नेलं. हे सगळं खरं आहे, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं ही तुम्हाला सांगणार नाही, कारण नवऱ्याची लाज माहेरी काढायची नाही ही तुमच्या आईची शिकवण तिने अजून सोडलेली नाही. तेव्हा ते मलाच लिहायला हवं. आज रविवार आहे, वीस तारखेला सहा दिवस उरले आहेत आणि घरात मला थांबवणारं कोणी नाही.

मुळापासून सांगतो. दोन वर्षांपूर्वी नाल्यात एका गोणीत सात पिल्लं सापडली. त्या पिल्लांनी मरून एक मोठं काम केलं, ते म्हणजे नगरपालिकेच्या सभेत सगळ्या सदस्यांचं एकमत झालं. नियम करायचं ठरलं. मसुदा माझ्याकडे आला, कारण एकतीस वर्षं आमच्या कार्यालयातला प्रत्येक मसुदा माझ्याकडेच येतो (लोक मला माझ्या मागे 'मसुदा'च म्हणतात, मला हे माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही). जनावरांच्या डॉक्टरांचं मत मागवलं, तर उत्तर आलं की ऑपरेशन 'योग्य वयात' करावं. आता आक्का, 'योग्य' हा शब्द घरात ठीक आहे. भाजीत मीठ योग्य तेवढं घाल म्हटलं की हिला बरोबर कळतं. पण निरीक्षक दारात उभा राहिला की त्याला आकडा लागतो. साहेबांना मसुदा पाचच्या आत हवा होता आणि चार वाजून गेले होते. आमच्याकडे कोऱ्या कागदावर मसुदा कोणी करत नाही. मागचा एखादा नियम घ्यायचा आणि त्यातले शब्द बदलायचे. मला माझ्या वरिष्ठांनी तसंच शिकवलं, त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी. मी मागच्या मांडणीकडे हात लांब केला. हाताला नळाच्या मीटरचे नियम लागले. 'नवीन जोडणीस सहा महिन्यांच्या आत मीटर बसवणे बंधनकारक राहील.' मी जोडणीच्या जागी कुत्रा घातला, मीटरच्या जागी शस्त्रक्रिया घातली, आणि पाचला दहा कमी असताना कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून दिला. सगळं गाव आज ज्यावरून भांडतं आहे ते सहा महिने असे नळातून आले.

त्या घाईत सातवं कलम होतं तसंच राहिलं. 'गळती आढळल्यास धारकाने चोवीस तासांत कळवावे.' माझ्या ते लक्षात आलं मंजुरीनंतर. पण तोपर्यंत आमच्या गावातल्या थोरल्या डॉक्टरांनी (गेली तीस वर्षं गुरं आणि कुत्री तेच पाहतात) भर सभेत त्या कलमाची स्तुती करून टाकली होती. टाक्यांतून रक्तपाणी येईल एवढा बारीक विचार करणारा माणूस नगरपालिकेत आहे हे पाहून त्यांना भरून आलं होतं. मी उठून उभा राहिलो आणि नम्रपणे नमस्कार केला. घरी येऊन ही सगळी गंमत मी हिला जेवताना सांगितली. दोघं पोट धरधरून हसलो. हसू ओसरल्यावर ही म्हणाली, "अहो, पण मग सहाच का, ते कोणालाच माहीत नाही?" मी म्हणालो, "ते डॉक्टर लोक बघतील." आणि आणखी भात वाढायला सांगितला.

तेव्हा आमच्याकडे म्हातारी होती, ढब्बीच्या आधीची कुत्री. (तुम्ही तिला पाहिलं आहे. तुमच्या धुतलेल्या चादरीवर चिखलाच्या पायांनी झोपली होती ती.) तिचं ऑपरेशन आम्ही कधी केलंच नाही. आणली तेव्हा नियम नव्हता, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की हिचा चेहरा उतरायचा. का उतरतो ते मला ठाऊक होतं, म्हणून मी विषय काढायचो नाही. दहाव्या वर्षी म्हातारीच्या गर्भाशयात पू झाला आणि तीन दिवसांत ती गेली. थोरले डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, वेळेवर काढून टाकलं असतं तर आज तुमच्या पायाशी बसली असती. ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हा आक्का, ही काही ऑपरेशनच्या विरुद्ध नाही, हे आधी ध्यानात घ्या. गावात काही जण तिला तसं म्हणतात, ते साफ खोटं आहे. म्हातारीची थाळी ही अजून दर आठवड्याला घासून फळीवर पालथी घालते.

मग ढब्बी आली. खाणीवरच्या पहारेकऱ्याने दिली. दीड महिन्याची होती तेव्हाच तिचे पंजे बशीएवढे होते, आणि बाकीचं अंग त्या पंजांपर्यंत कधी पोचणार याची आम्ही दोघं रोज वाट बघायचो. चौथ्या महिन्यात ती माझ्या गुडघ्याला लागली. गावात एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या आहेत, वयाने लहान, बोलायला एकदम सडेतोड. त्यांनी ढब्बीचे मागचे पाय दाबून पाहिले आणि सांगितलं, या जातीची हाडं वर्ष-दीड वर्ष वाढत असतात, फार लवकर ऑपरेशन केलं तर पुढे सांधे अधू होण्याची भीती असते. दीड वर्षाची होऊ द्या, तोवर दार नीट सांभाळा, मग मी स्वतः करते. हिने ते सगळं कागदावर लिहून घेतलं. मी तो कागद घेऊन थोरल्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "बाई म्हणतात ते पुस्तकाप्रमाणे खरं आहे हो. पण थांबा म्हटलं की माणसं थांबतात आणि विसरतात. मोठ्या जातीला सवलत दिलीत की उद्या गावातलं प्रत्येक कुत्रं मोठ्या जातीचं होईल. आणि ती नाल्यातली गोणी मी उघडली होती, बाईंनी नाही." मी बाईंनाही 'बरोबर आहे' म्हणालो होतो, त्यांनाही 'बरोबर आहे' म्हणालो. दोघंही बरोबर होते हा भाग निराळा. चूक असते तरी मी तेच म्हणालो असतो.

यंदा साहेब बदलले आणि नियमाची अंमलबजावणी कडक झाली. कुत्र्याला पाच महिने भरले की मालकाला नोटीस. नोटिसा काढायच्या मीच, आणि यादीत एकेचाळिसावं नाव माझं. मी मला नोटीस काढली. नोटीस हातोहात द्यावी लागते, म्हणून आमचा जुना शिपाई ती माझ्या टेबलावरून उचलून शिस्तीत दारापर्यंत गेला, तिथून वळून परत माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "साहेब, मिळाल्याची सही." मी सही दिली. मग मालक या नात्याने मी मुदतवाढीचा अर्ज केला, बाईंची चिठ्ठी जोडून. लिपिक या नात्याने तो दाखल करून घेतला. आणि त्यावर शेरा मारायची वेळ आली तेव्हा शेरा मारला, की नियमात मुदतवाढीची तरतूद नाही, सबब नामंजूर. तरतूद का नाही? तर मीटरच्या नियमात नव्हती. मीटरला कुठे हाडं असतात! नामंजुरीचं पत्र मी घरी आणलं. हिने ते दोनदा वाचलं, वरचं नाव पाहिलं, खालची सही पाहिली. "हे तुम्ही तुम्हालाच लिहिलंय का?" मी हो म्हणालो. "मग जरा एकमेकांशी बोलायचं होतंत ना," असं म्हणून ती ढब्बीचं खाणं कालवायला आत गेली. (तिचं बोलणं चांगलं होतं. मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात ते स्वतःचं म्हणून सांगितलं. कोणी हसलं नाही.)

नोटिसा गेल्यावर गावात दोन तट पडले. शेजारी शेजाऱ्याशी बोलेना. हरकती इतक्या आल्या की अध्यक्षांनी जाहीर सुनावणी ठेवली. सभागृहाच्या उजव्या बाजूला 'सहा महिने म्हणजे सहा महिने'वाले, डाव्या बाजूला 'घाई नको'वाले, मध्ये पंखा, आणि पंख्याखाली माझं टेबल, कारण इतिवृत्त मी लिहितो. थोरले डॉक्टर बोलले. बाई बोलल्या. दोघंही फार चांगलं बोलले. थोरले डॉक्टर पिल्लांबद्दल सांगताना थांबले आणि त्यांनी पाणी मागितलं. बाईंनी एका लंगड्या कुत्र्याचा एक्स-रे उजेडात धरून दाखवला, तेव्हा उजवीकडच्यांनीही माना पुढे काढल्या. शेवटच्या बाकावर ही बसली होती. ढब्बी तिच्या पायाशी दोरीला. हिने हात वर केला आणि उभी राहून एवढंच म्हणाली, "करायचं नाही असं मी म्हणत नाही. कधी करायचं ते तिच्या हाडांना विचारून करा, फाइलीला विचारून नको." आणि खाली बसली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, आक्का; चारचौघांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

आमचे अध्यक्ष पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. इतका वेळ ते डोळे मिटून बसले होते. ते एकदम म्हणाले, "मला एक सांगा. सहाच का? पाच का नाही, सात का नाही? हा आकडा आणला कोणी?" थोरल्या डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. म्हणाले, "मला वाटलं, नव्या पुस्तकांत असेल." बाई म्हणाल्या, "मला वाटलं, तुमच्या अनुभवातला असेल."  तो आकडा कुठून आला हे त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक शेवटच्या बाकावर होतं आणि माझ्याकडे बघत होतं.  ती वाट बघत होती. आणि माझं पेन बंद पडलं. खरंच बंद पडलं, की मी ते उगाचच झटकत होतो, हे आता मलासुद्धा सांगता येणार नाही. मी शेजारच्या लिपिकाकडे वळलो आणि म्हणालो, "पेन द्या हो जरा." त्याने पेन दिलं. मी लिहिलं, 'आकड्याबाबत चर्चा झाली.' तेवढ्यात एका सदस्याने जेवणाची वेळ झाल्याचं लक्षात आणून दिलं, हात वर झाले, आणि मी त्याखाली लिहिलं, 'नियम आहे तसाच कायम.' अक्षर चांगलं आलं होतं.

घरी गेलो तर पिशवी भरून दारात ठेवलेली आणि ढब्बी त्या पिशवीवर बसलेली. मी म्हणालो, "अगं, अजून वेळ आहे. वीस तारखेपर्यंत काहीतरी मार्ग काढू." ही म्हणाली, "मी वीस तारखेचं बोलतच नाहीये." मग चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेव्हाही तुम्ही पेनच मागितलं होतंत."

तेव्हा म्हणजे कधी, ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा तुम्हीच पंधरा दिवस येऊन राहिला होता. ही बत्तीस वर्षांची होती. पण दवाखान्यातल्या त्या खोलीत तुम्ही नव्हता, म्हणून लिहितो. घरून निघताना ही मला म्हणाली होती, "गर्भपिशवी काढायची म्हणतायत, थोडं थांबून बघता येईल का, एवढं विचारा. माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही." डॉक्टर घाईत होते. ते म्हणाले, ठेवून काय करायचंय, पुढे त्रासच आहे, आत्ताच काढून टाकू. त्यांनी कागद पुढे केला. हिने माझ्याकडे पाहिलं. मी माझे खिसे चाचपले आणि म्हणालो, "पेन आहे का?" डॉक्टरांचं कदाचित बरोबरही असेल. थांबून काहीच निराळं झालं नसतं, असंही असेल. ते मला आजतागायत माहीत नाही, कारण मी विचारलं नाही. सव्वीस वर्षांत हिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मी मूर्ख समजत होतो की ती विसरली. आक्का, मला लाज वाटते. हे वाक्य कसं सजवावं ते मला कळत नाही, म्हणून तसंच ठेवतो.

आता इकडची हालहवाल. ढब्बी जाण्याआधी माझ्या डाव्या बुटाचा पुढचा भाग खाऊन गेली आहे. मी तोच घालून कार्यालयात जातो, अंगठा बाहेर दिसतो, कोणी विचारत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ती आडवी पडलेली असायची, तर मी अजून तिथे पाय उचलून ओलांडून जातो. परवा हातात गरम पातेलं असताना ओलांडायला गेलो आणि ओलांडण्यासारखं काही नसल्यामुळे तोल गेला. शेजारच्या शिंपिणीने भिंतीपलीकडून विचारलं, काय पडलं हो? मी म्हणालो, काही नाही, मीच. वीस तारखेला सकाळी अकराला निरीक्षक आमच्या घरी येणार आहेत. नियमाप्रमाणे त्यांच्याबरोबर कार्यालयाचा एक माणूस पंचनाम्याला लागतो. तो मी. म्हणजे मी माझ्या घरी येऊन माझ्याच दाराची कडी वाजवायची, मीच उघडायची, आणि लिहायचं, की मालक हजर, कुत्री आढळली नाही, चौकशी करता मालकास काही सांगता आलं नाही.

असो. फार लांबलं. हिला माझी आठवण वगैरे करून देऊ नये. ढब्बीला मात्र संध्याकाळी कानामागे खाजवावं, साडूभाऊंनी खाजवलं तरी चालेल. तुम्ही शिंकांचं औषध चालू ठेवावं.

आपला आज्ञाधारक,
तुमच्या बहिणीचा नवरा (अजून तरी)

ता. क. पत्राचं खरं काम राहिलंच. सोबत एक दुसरं पाकीट आहे, नगरपालिकेच्या अध्यक्षांच्या नावाचं. तिकीट लावलेलं आहे. ते तुमच्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायचं आहे. आत माझी तक्रार आहे, माझ्याच नियमाविरुद्ध. सहा महिने हा आकडा कोणत्याही डॉक्टरांनी दिलेला नसून तो मी नळाच्या मीटरवरून उतरवला, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. आता गंमत ऐका. मीटरच्या नियमात अकरावं कलम होतं, की 'मोजणीबाबत टपालाने आलेली लेखी तक्रार विचाराधीन असेपर्यंत जोडणी तोडता येणार नाही.' मी तिथेही फक्त जोडणी काढून कुत्रा घातला होता, आणि महिने मोजणं हीही मोजणीच. म्हणजे ही तक्रार वीस तारखेच्या आत टपालाने पोचली, तर ढब्बीला कोणी हात लावू शकत नाही. निष्काळजीपणाचा एवढा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. इथून का टाकत नाही म्हणाल, तर इथला पोस्टमन माझं अक्षर ओळखतो, नगरपालिकेच्या नावाचं पाकीट दिसलं की मला रस्त्यात गाठून हातात देतो, "साहेब, तुम्ही तिथेच निघालात ना." हे कारण खरं आहे. याहून खरं कारण असं, की मी चार वेळा पेटीपर्यंत जाऊन परत आलो. तोंडाने बोलणं मला जमत नाही, आक्का, हे आता सगळ्यांना कळलंच आहे. पण बाहेरून आलेला कागद मी एकतीस वर्षांत कधी दाबून ठेवलेला नाही. तो माझ्या टेबलावर आला की मी त्यावर शिक्का मारीन, आणि शिक्का मारला की अध्यक्षांपुढे ठेवीनच. तेवढं मला जमतं.

आणखी एक ता. क. निवृत्तीला चार महिने उरलेत आणि चौकशी होईल. मी घाबरलो आहे. थोरले डॉक्टर मला बोलतील, आणि त्यांचं चुकणार नाही. माझ्या कागदामुळे नियम ढिला पडला आणि पुन्हा कुठे गोणी सापडली तर ती मलाच उघडायला लावा, असं मी तक्रारीतच लिहून ठेवलं आहे. आणि वर 'इकडे खुशाल आहे' लिहिलं ते खोटं. भात तीनदा करपला. झोप लागत नाही. घरातली सगळी भांडी खरकटी पडली आहेत, म्हणून काल मी म्हातारीच्या थाळीत जेवलो. घरात घासलेली अशी तेवढी एकच होती. हे हिला सांगू नका. (सांगितलंत तरी चालेल.)

शेवटचा ता. क. तक्रारीचं पाकीट मी चिकटवलेलं नाही. हिला आधी वाचू द्या. खाली माझी सही आहे, पण तारीख घातलेली नाही. तारीख नसलेल्या कागदावर मी आयुष्यात सही केलेली नाही, ही पहिली. हे पाकीट टाकायचं की नाही, आणि टाकायचं तर कधी, ते तिने ठरवावं आणि तारीख तिच्या हाताने घालावी. तिने नाही टाकलं तरी मी समजेन. मी तिला विचारतो आहे, एवढं तिला सांगा. सव्वीस वर्षं उशीर झाला आहे, पण विचारतो आहे. हे पत्र संपलं की माझं पेनही याच पाकिटात घालतो. झटकून पाहिलं आहे, चालतं.